‘डिजिटल अरेस्ट’ आणि लोभाचा आरोप

निवृत्त जीवन कंठणाऱ्या कोणा वृद्धाने आपली सारी शिल्लक अज्ञात इसमांच्या खात्यांत भरली, अशी वार्ता आली की ‘लोभ नडला, दुसरे काय’ असा अभिप्राय सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येतो. आणि तो वारंवार ऐकून आता संताप येतो. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये लोभाचा संबंधच नाही. तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावरील खात्यातून काळा पैसा फिरला, असे बजावून गणवेशधारी तोतया अंमलदार व्हिडिओ कॉलवर ठाण मांडतो, शिक्क्यानिशी हुकूम दाखवितो, घरच्यांशी बोलण्यास मज्जाव करतो आणि ‘पडताळणी’च्या नावाखाली मुदत ठेव मोडावयास लावतो. 2024 मध्ये लुधियानाच्या एका वस्त्रोद्योगसमूहाच्या वयोवृद्ध अध्यक्षांपुढे तर सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचाच देखावा उभा करण्यात आला, आणि 7 कोटी रुपये लुबाडले गेले. त्यांना अडाणी म्हणावयाचे काय?

खरे कारण वृद्धांचे एकटेपण आहे: मुले परदेशी, शेजार अपरिचित, आणि ज्या कामासाठी पूर्वी बँकेत कारकुनापुढे उभे राहावे लागे, ते आता बंद खोलीत बोटाने उरकते. त्यामुळे ‘काका, एवढी रक्कम एकदम कशासाठी?’ असे विचारणारे माणूसच व्यवहारातून नाहीसे झाले आहे, आणि तोतयाला नेमकी हीच फट सापडली आहे.

कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 43व्या कलमानुसार अटक करताना अधिकाऱ्याने त्या व्यक्तीस स्पर्श करावा वा अडवून धरावे, किंवा तिने स्वतः स्वाधीन व्हावे. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही, आणि 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये हेच स्पष्ट केले.

पडद्यावर पोलीस ठाण्याचा क्रमांक दिसला म्हणजे फोन तेथूनच आला, हाही भ्रमच. क्रमांक बनावट दाखविता येतो. आणि ‘गेले ते गेलेच’ हा समज तर सर्वांत घातक. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठविता येण्याचा संभव असतो, परंतु उपहासाच्या भीतीने माणसे तेच मोलाचे तास गमावतात. म्हणून घरात असा प्रसंग ओढवला, तर त्या वडीलधाऱ्यांची उलटतपासणी न घेता प्रथम 1930 लावा.