पाच हजार वर्षांचा हजेरीपट



युनियनच्या कचेरीत आम्हांला एक काम वारंवार करावे लागते. निवृत्तीला आलेला एखादा कामगार येतो आणि म्हणतो, "भाऊ, माझी नोकरी तीस वर्षांची, पण कंपनी बावीसच धरते." प्रश्न ग्रॅच्युइटीचा असतो. मग घरच्या पत्र्याच्या पेटीतून पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डे, विम्याचे कागद बाहेर निघतात. एका कागदाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळवीत जुळवीत आम्ही त्याची सारी वर्षे उभी करतो. आज ज्या शास्त्राची ओळख करून द्यायची आहे, ते हेच काम करते. तेथे कागदाऐवजी झाडाचे खोड असते, एवढेच.

अमेरिकेच्या पश्चिमेस कॅलिफोर्निया राज्यात 'व्हाइट माउंटन्स' नावाचे डोंगर आहेत. तेथे दहा-अकरा हजार फूट उंचीवर ब्रिसलकोन पाइन नावाचा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. आपल्या हिमालयातील चिडाचा हा दूरचा भाऊबंद. जमीन पांढुरकी, चुनखडीच्या जातीची. पाऊस व बर्फ मिळून वर्षाला साधारण बारा इंच पाणी. वारा असा की वाळूने खोड घासून निघावे. झाड उंच नाही, देखणेही नाही. पुष्कळदा बहुतेक खोड मेलेले असते आणि सालीची एक अरुंद पट्टी काय ती जिवंत राहून वरच्या चार फांद्यांना पोसते. पाने तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे गळत नाहीत. लाकूड इतके घट्ट व राळेने भरलेले असते की कीड आणि कुजणे त्याला सहजी शिवत नाही.

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडते, हे आपण शाळेत शिकलो. पावसाचे वर्ष असेल तर वलय रुंद, दुष्काळाचे असेल तर अरुंद. ही वलये वाचण्याचे शास्त्र ॲरिझोना विद्यापीठात डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने रूढ केले आणि १९३७ साली त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. त्यांचे सहकारी एडमंड शुलमन १९५३ साली या डोंगरावर गेले. १९५७ साली त्यांना ४,६०० हून अधिक वर्षांचे एक जिवंत झाड सापडले. बायबलमधील दीर्घायुषी पुरुषाच्या नावावरून त्याला 'मेथुसेला' म्हणू लागले. १९५८ च्या जानेवारीत शुलमन वारले. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही.

वय मोजण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. एक पोकळ गिरमीट खोडात फिरवून पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर काढतात आणि भिंगाखाली वलये मोजतात. अडचण एकच: फार वाईट वर्षी झाड वलय धरतच नाही. हजेरीपटात खाडा पडतो! मग एका झाडाचा रुंद-अरुंद वलयांचा क्रम शेजारच्या अनेक झाडांशी ताडून पाहतात, म्हणजे खाडा कोणत्या साली पडला ते कळते. खाली पडलेली मेलेली लाकडेही तेथे हजारो वर्षे टिकतात. त्यांचा क्रम जिवंत झाडांच्या क्रमाशी जोडून फर्ग्युसन या संशोधकाने व त्याच्या मागून आलेल्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांचा सलग पट तयार केला.

त्याचा उपयोग काय? उत्खननात सापडलेल्या कोळशाचे वय त्यातील किरणोत्सर्गी कार्बनवरून काढतात. या पद्धतीबद्दल लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हवेतील या कार्बनचे प्रमाण सदैव सारखेच होते, हे गृहीत चुकीचे निघाले. ज्या वलयाचे साल नक्की ठाऊक आहे त्यातील कार्बन तपासला, तेव्हा फार जुन्या वस्तूंच्या तारखा कित्येक शतकांनी अलीकडच्या येत होत्या असे दिसले. हिशेब दुरुस्त झाला, आणि पश्चिम युरोपातील काही दगडी थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. आपल्या पुणे जिल्ह्यातील इनामगावसारख्या ठिकाणच्या कोळशाची तारीख लावतानाही वृक्षवलयांवरून केलेली अशी दुरुस्ती लागते.

आता दुःखाची गोष्ट. १९६४ च्या ऑगस्टमध्ये नेवाडा राज्यातील व्हीलर शिखराजवळ डोनाल्ड करी हा तरुण संशोधक जुन्या हिमनद्यांचा अभ्यास करीत होता. एका प्रचंड झाडातून गिरमिटाने पुरती कांडी निघेना. त्याने वनखात्याकडे अर्ज केला, परवानगी मिळाली, झाड पाडले. मग वलये मोजली, ती ४,८४४ भरली. त्या वेळी माहीत असलेल्या सर्व झाडांत ते वडील होते. गिर्यारोहकांनी त्याला 'प्रोमिथियस' हे नाव आधीच दिले होते. कोणी चोरून तोडले नव्हते; सारे कागद रीतसर होते. कागद रीतसर असतानाही केवढा अन्याय होऊ शकतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. १९८६ साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. मेथुसेला नेमका कोणता, हे वनखाते आजही सांगत नाही.

शुलमन यांना असे आढळले होते की, हालअपेष्टांत वाढलेली झाडेच अधिक जगतात. हे ऐकून कोणी लगेच उपदेश करील, "पाहा, कष्टाने आयुष्य वाढते!" त्याला आमचे उत्तर असे की, दुष्काळी सालात झाड वाढ थांबवू शकते, माणसाच्या लेकराला तसे थांबता येत नाही. शिवाय झाडाच्या सोसण्यालाही मर्यादा आहे. डेथ व्हॅली उद्यानातील टेलिस्कोप शिखरावर अलीकडच्या दुष्काळाने दुबळे झालेले अनेक ब्रिसलकोन वृक्ष साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मारले. ऊन वाढत चालल्याने डोंगराच्या माथ्यावरची मोकळी जागा दुसऱ्या जातीची पाइनची रोपे आधी धरीत आहेत, असे २०१७ साली संशोधकांनी दाखविले. वनवृक्षाभोवती कुंपण घालता येते, हवेला घालता येत नाही. ती गोष्ट साऱ्या जगाने मिळून करावयाची आहे.

कामगाराची पेटी हरवली तर त्याची वर्षे जातात. या डोंगरावरची पेटी हरवली तर साऱ्या मानवजातीची नऊ हजार वर्षांची नोंद जाईल, आणि तिची दुसरी प्रत कोठल्याही कचेरीत मिळणार नाही.