मण्यांवर श्वास मोजणाऱ्या बाया

मूल जन्मलं, पण रडलं नाही. अंग निळसर पडलं. अशा वेळी घरात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी पाय धरून उलटं करतं. कुणी थापट्या मारतं. कुणी देवाला नारळ बोलतं. त्यात पाच-दहा मिनिटं निघून जातात. त्या मुलाजवळ तेवढी मिनिटं नसतात.

मुरबे गावातून पालघरला सडक जाते. पण आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे, असे पाडे आहेत की पावसाळ्यात तिथं गाडी पोचत नाही. आजाऱ्याला झोळीत घालून आणावं लागतं. डॉक्टर भेटेपर्यंत त्याच्याजवळ कोण असतं? पाड्यावरचीच एखादी बाई. मग तिलाच का शिकवू नये?

गडचिरोली जिल्ह्यात हे करून पाहिलं गेलं. तिथं जंगल दाट, गोंड आदिवासींची वस्ती मोठी. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग या नवराबायकोंनी १९८६ साली तिथं 'सर्च' नावाची संस्था काढली. लहान मुलं न्यूमोनियानं फार दगावत. न्यूमोनिया ओळखायची खूण सोपी आहे. मूल भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतलं मूल मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, तर धोका समजावा. पण गावच्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आता काय करावं?

यावर एक साधं साधन निघालं. लाकडी चौकट, तिच्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. मुलाच्या पोटाकडे बघायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. निरक्षर सुईणसुद्धा हे बहुतेक वेळा बरोबर करू लागली. आम्हाला यात नवल वाटत नाही. आपल्या मुरब्याची कोळीण पाटीतली मासळी मोजताना कधी चुकते का? शिकवणाऱ्याला रीत सापडायला हवी, एवढंच.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत याहून अवघड काम सुरू झालं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बाया निवडल्या. कुणी पाचवी झालेली, कुणी दहावी. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळ कोरडं करून उबेत कसं ठेवावं, वजन कसं करावं, ताप कसा बघावा, हे त्या शिकल्या. बाळ श्वास घेत नसेल, तर त्याचं तोंड साफ करून, तोंडानाकावर मुखवटा बसवून हवा कशी द्यावी, हेही शिकल्या. आधी बाहुलीवर हात बसवला. अंगात विष पसरलेलं बाळ ओळखून त्या सुईसुद्धा देत. 'गावच्या बाईच्या हातात सुई?' असं पुष्कळांनी विचारलं. विचारणं योग्यच होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन तिची वही तपासत. जे केलं ते लिहायचं, असा नियम होता. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, पण आकडा खरा हवा.

आधी तिथं जन्मलेल्या दर हजार मुलांत ६२ मुलं पहिल्या महिन्यातच जात. तीन वर्षांत ही संख्या २५ च्या आसपास आली.

आज आपल्या गावात आशाताई आहेत. घरी जन्मलेल्या बाळाला त्या पहिल्या दिवशी बघतात. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. ही पद्धत गडचिरोलीच्या कामातूनच देशभर गेली. मात्र आशाताईंना सरकारी नोकरासारखा पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. हे आम्हाला खटकतं. रात्री-अपरात्री उठून जाणाऱ्या बाईचं मोल असं कामागणिक करावं का?

बाळंतपण दवाखान्यातच करावं. १०८ या आकड्यावर फोन केला की गाडी फुकट येते. महाराष्ट्रात ही सोय २०१४ पासून आहे. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. त्याला आंघोळ घालू नये.

आशाताई होण्यासाठी वय २५ ते ४५ लागतं. आदिवासी पाड्यावर शिक्षणाची अट सैल करता येते. निवड ग्रामसभेत होते. तुमच्या घरात अशी कुणी सून, बहीण असेल, तर पुढच्या ग्रामसभेला तिला बरोबर न्या.