शेजारासाठी शब्द

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. त्याचे जहाज काळ्या समुद्रावरील कोन्स्तान्त्सा या रुमानियाच्या बंदरात काही दिवस थांबले असता त्याने एका रुमानियन सोबत्याकडून तेथील भाषेचे थोडे शब्द शिकून घेतले, आणि ते एका कागदावर मांडून आम्हांस पाठविले. डाव्या बाजूस नेबर, नेबरहुड, सबर्ब, स्ट्रीट, ब्लॉक असे इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस त्यांचे रुमानियन प्रतिशब्द. खाली एकच ओळ होती : "सर, यांतले दोन शब्द तर आपलेच वाटतात. ते तिकडे कसे गेले?" ते दोन शब्द म्हणजे 'महाला' आणि 'मायदान'. त्यांनी आम्हांस बरेच दिवस कोशांच्या मागे लावले. त्याला जे उत्तर धाडले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहोत.

रुमानियन ही लॅटिनची कन्या. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या तिच्या बहिणी. सम्राट त्राजानने इ. स. १०६ मध्ये डेसिया देश जिंकला आणि तेथे रोमन वसाहत झाली. पण इतर बहिणी पश्चिमेस एकमेकींच्या जवळ नांदल्या, आणि ही एकटी स्लाव्ह, मग्यार व तुर्क यांच्यामध्ये पडली. त्यामुळे तिच्या शब्दांत शेजाऱ्यांचा वावर फार. घर म्हणजे 'कासा', हा शुद्ध लॅटिन. पण घराबाहेर पाऊल टाकावे तर खेड्यातली गल्ली 'उलित्सा' स्लाव्ह, रस्ता 'द्रूम' मूळचा ग्रीक, आणि हा रस्ता ज्या शहरास जातो ते 'ओराश' हंगेरियन! शहरातल्या रस्त्यास 'स्त्रादा' म्हणतात. हा शब्द आणि इंग्रजी 'स्ट्रीट' हे दोन्ही फरसबंदी वाट या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, हे ऐकून इंग्रजीच्या तासाला पेंगणाऱ्यांनीही कान टवकारावेत.

आता शेजारी. इंग्रजी 'नेबर' याचा मूळ अर्थ जवळ राहणारा शेतकरी. रुमानियन शब्द आहे 'वेचीन', आणि शेजार म्हणजे 'वेचिनाताते'. गोव्यातील वडीलधाऱ्यांच्या कानावर असलेला पोर्तुगीज 'विझिन्यु' हा याचाच सख्खा भाऊ. दोहोंचे मूळ लॅटिन 'विकुस', म्हणजे वस्ती. हा 'विकुस' आणि आपल्या संस्कृतातील 'विश्' व 'वेश' हे एकाच प्राचीन मुळाचे. शेजाऱ्यास संस्कृतात 'प्रतिवेशी' म्हणत. हिंदी 'पडोसी' त्याच वंशातला. म्हणजे बुखारेस्टचा वेचीन आणि इंदूरचा पडोसी हे शब्दाच्या नात्यानेही शेजारी ठरतात.

परंतु या निरागस शब्दाच्या वाट्याला एक दुःखाचा काळही आला. मोल्दाविया प्रांतात जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेल्या, मालकाच्या परवानगीवाचून ती सोडून जाऊ न शकणाऱ्या कुळास 'वेचीन' म्हणत. जो जवळ राहतो तो शेजारी. ज्याला दूर जाताच येत नाही तोही शेजारीच! कोन्स्तान्तिन माव्रोकोर्दात या राजाने वालाखियात १७४६ साली व मोल्दावियात १७४९ साली ही वेठबंधने रद्द केली. बंधने हळूहळू विसरली गेली आणि शब्दाकडे पुन्हा साधा शेजार परत आला.

'महाला'चे नशीब नेमके उलटे. उतरणे, मुक्काम करणे या अर्थाच्या अरबी धातूपासून 'महल्ला' शब्द झाला. तो फारसीच्या मार्गाने हिंदुस्थानात येऊन 'मोहल्ला' झाला, आणि तुर्कीच्या मार्गाने डॅन्यूब नदी ओलांडून 'महाला' झाला. रुमानियाची संस्थाने त्या काळी तुर्की सुलतानाची मांडलिक होती. जुन्या बुखारेस्टमध्ये महाला म्हणजे शहराचा एक सामान्य भाग. प्रत्येक महालाच्या मध्यभागी एक चर्च असे. त्या चर्चवरून किंवा तेथील कारागिरांच्या धंद्यावरून त्याचे नाव पडे. आपल्या पेठा-आळ्यांहून हे फार वेगळे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात रुमानियाचे शिकलेले लोक पॅरिसकडे पाहू लागले. लिपीही बदलली, १८६०च्या सुमारास सिरिलिक लिपी जाऊन रोमन लिपी आली. फ्रेंच 'कार्तिए' शब्द 'कार्तिएर' होऊन आला आणि शहरातल्या प्रतिष्ठित वस्तीवर बसला. 'महाला' हळूहळू कडेला, चिखलाच्या रस्त्यांकडे ढकलला गेला. नाटककार काराजिआले याचे १८७९ चे विनोदी नाटक 'ओ नोआप्ते फुर्तुनोआसा' अशाच कडेच्या महालातील मंडळींवर आहे. त्यांची मोठमोठे शब्द चुकीचे वापरण्याची हौस ऐकून प्रेक्षक हसतात. आज कोणास 'महालाजिऊ' म्हटले तर तो गावगप्पा करणारा, भांडकुदळ, असंस्कृत, असा अर्थ होतो. वस्ती तीच, माणसेही बहुधा तीच. केवळ शब्दाची पत गेली. अशी पत शब्द स्वतः गमावीत नाही, ती बोलणारे काढून घेतात, असे आम्हांस वाटते.

येथे आम्हांस एक मौज आढळली. पोर्तुगीजांत वस्तीस 'बाइर्रु' म्हणतात, आणि तोही मूळचा अरबीच. लॅटिन कुटुंबाच्या अगदी पश्चिम टोकाला आणि अगदी पूर्व टोकाला, दोन्हीकडे मोहल्ल्याचे नाव अरबांकडूनच यावे! आमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या कोंकणीने मात्र पोर्तुगीजांकडून 'जनेल' घेतले, 'इश्कोल' घेतले, पण आपला 'वाडो' सोडला नाही.

'मायदान' म्हणजे दोन घरांमधली मोकळी, बेवारशी जागा. तेथे पोरे चेंडू खेळतात आणि भटकी कुत्री फिरतात. अशा कुत्र्यांस त्या देशात 'मायदानेझ' असेच विशेषण लावतात. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचे नाव 'मायदानुल कु द्रागोस्ते' असे आहे, म्हणजे प्रेमाचे मैदान. त्यातला अर्धा भाग तर आपल्या कोणाही विद्यार्थ्यास कळेल. मात्र ओळखीचा शब्द भेटला म्हणून लगेच गळ्यात पडू नये. आपला 'मुसाफिर' वाटेवर असतो. त्यांचा 'मुसाफिर' घरी येऊन बसलेला पाहुणा असतो.

यादीतील 'ब्लॉक' सर्वांत फसवा. अमेरिकेत चारही बाजूंनी रस्ते असलेल्या घरांच्या समूहास ब्लॉक म्हणतात. रुमानियन 'ब्लोक' म्हणजे अनेक मजल्यांची एकच इमारत. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीत अशा इमारतींच्या रांगा उठल्या. १९८० नंतरच्या दशकात बुखारेस्टमधील उरानुस ही जुनी वस्ती प्रचंड शासकीय वास्तूसाठी पाडण्यात आली. त्या वास्तूचा पाया १९८४ साली घातला गेला. काही जुनी चर्चे पाडण्याऐवजी रुळांवरून सरकवून नव्या ब्लोकांच्या मागे ठेवली. ज्यांच्याभोवती महाला वसत, ती चर्चे अशी दिसेनाशी झाली. तेथील पत्त्यात आज ब्लोक, जिना, मजला व खोली असा क्रम असतो. जिन्यास 'स्कारा' म्हणतात, आणि एकाच जिन्याने चढणारे ते 'वेचीन दे स्कारा', जिन्याचे शेजारी. वाडा गेला तरी शेजारास टेकायला काहीतरी लागतेच.

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे यंदाचा एक प्रवेश-अर्ज होता. आठवीत आलेल्या एका मुलाने पत्त्यात आधी गल्लीचे नाव लिहिले होते. मग ते खोडून त्यावर 'कॉलनी' लिहिले. त्या ठिकाणी कॉलनी नाही, हे आम्हांस ठाऊक होते. गल्ली चांगली शंभर वर्षांची आहे. आम्ही त्यास काही न विचारता नोंदवहीत गल्लीच लिहिली. नंतर वाटले, निदान विचारायला हवे होते.

माजी विद्यार्थ्यास यादी दुरुस्त करून परत पाठविली. 'नेबरहुड'पुढे त्याने केवळ 'कार्तिएर' लिहिला होता. आम्ही शेजारी 'महाला' घातला, आणि कळविले की हा शब्द तेथील माणसासमोर उच्चारण्यापूर्वी तो कोठे जन्मला, हे आधी विचारून घ्यावे. त्याचे उत्तर आले आहे. त्याचा सोबती महालातच जन्मला होता, आणि त्याने तो शब्द तीन वेळा म्हणून दाखविला.