जीएसटी क्रमांक काय सांगतो, काय नाही
बागेचा ठेका देताना कोटेशनवर जीएसटी क्रमांक दिसला की अनेकांना ठेकेदार ‘सरकारमान्य’ वाटतो. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या क्रमांकाचा अर्थ मर्यादित आहे. जीएसटीआयएन (वस्तू व सेवा करासाठीचा 15 अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक) एवढेच सांगतो, की हा व्यावसायिक करखात्याकडे नोंदलेला आहे. नंबरप्लेटवरून गाडी कोणाची ते शोधता येते. चालकाला गाडी येते का, ते कळत नाही.

क्रमांक तपासावा मात्र जरूर. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवसायाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे विनामूल्य दिसते. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणी सक्तीची नसते. म्हणून क्रमांक नसलेल्या चांगल्या माळ्यावर संशय घेऊ नये.

कौशल्य पाहायचे तर त्याने केलेली, निदान एक पावसाळा काढलेली बाग बघावी. ती गच्चीवर असेल, तर खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना छताला ओल येते का, हे विचारावे. याहून खरी तपासणी नाही. रोपांची नावे, उंची आणि मेलेले रोप किती दिवसांत बदलून मिळेल, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे.