‘बर्न’ शब्दाचा संसार

परभाषेचा अभ्यास करूं लागलेल्या विद्यार्थ्यास लांबलचक व अवघड शब्दांची धास्ती वाटते. वस्तुतः तसले शब्द कोश उघडतांच वश होतात. कारण त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. खरा चकवा देतात ते आखूड, रोजच्या वापरांतले शब्द. इंग्रजींतील ‘बर्न’ हा त्यांपैकींच एक होय. लांकूड जळतें, पोळी करपते, चहानें जीभ पोळते, तव्याचा चटका बसतो, उन्हानें पाठ होरपळते, मिरचीनें डोळ्यांची आग होते. मराठीला येथें सहा निरनिराळे प्रयोग करावे लागले. इंग्रज मनुष्य या सर्व ठिकाणीं एकट्या ‘बर्न’वर भागवूं शकतो.

या व्यापकपणाचें मूळ कांहीं अंशीं इतिहासांत सांपडतें. सुमारें एक हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत स्वतः जळण्याचें क्रियापद एक होतें व दुसऱ्यास जाळण्याचें दुसरें. आपली ‘जळणें’ आणि ‘जाळणें’ ही जोडी, तशीच ती होती. पुढें मध्ययुगांत या दोहोंचीं रूपें एकमेकांत मिसळून गेलीं व एकच ‘बर्न’ उरलें. जळणारा कोण आणि जाळणारा कोण, हें आतां तेथें वाक्याच्या रचनेवरूनच ओळखावें लागतें. आपण मात्र एका ‘आ’काराच्या बळावर तो भेद अद्याप सांभाळला आहे.

या शब्दाचा गोतावळाही मोठा आहे. ‘ब्रँड’ म्हणजे मूळचें जळतें लांकूड. त्यावरून तापल्या लोखंडानें जनावराच्या अंगावर उठविलेला डाग, आणि त्यावरून व्यापारी मालाची खूण. ‘ब्रँडी’ हा ‘जाळलेली द्राक्षदारू’ अशा अर्थाच्या डच शब्दाचा संक्षेप आहे. जाळणें म्हणजे येथें भट्टीवर ऊर्ध्वपातन करणें. गंधकाचें जुनें इंग्रजी नांव ‘ब्रिमस्टोन’, म्हणजे जळणारा दगड. उलट ज्या बॅनकबर्न येथें १३१४ सालीं रॉबर्ट ब्रूसनें इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डचा पराभव केला, त्या नांवांतील ‘बर्न’चा अर्थ चक्क ओढा असा आहे! स्कॉटलंडांत हा पाण्याचा ‘बर्न’ आजही वाहतो आहे.

वाक्प्रचारांत शिरलें म्हणजे विस्तव दिसेनासा होतो आणि नुसती धग उरते. ‘मध्यरात्रीचें तेल जाळणें’ म्हणजे आपला रात्रीचा दिवस करणें. इंग्रजाचे कान जळूं लागले म्हणजे कोणी तरी आपल्याविषयीं बोलत आहे असें तो म्हणतो. आपल्याला अशा वेळीं उचकी लागते. ‘नावा जाळणें’ म्हणजे माघारीची वाट आपल्याच हातानें बंद करणें. १५१९ सालीं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोर्तेस या स्पॅनिश सेनापतीनें जहाजें जाळल्याची गोष्ट या संदर्भांत पुष्कळदां सांगण्यांत येते. वास्तविक त्यानें तीं निकामी केलीं होतीं, जाळलीं नव्हतीं. ‘परतीचे दोर कापणें’ हे शब्द ऐकतांच आपल्याला १६७० सालचा सिंहगड व सूर्याजीची परंपरागत कथा आठवते. भाषांतरकारानें येथें नावांना हात न लावतां सरळ दोर कापावे, हेंच योग्य.

नवीन काळानें या शब्दावर आणखी ओझें टाकलें आहे. लेसर किरणांनीं तबकडीवर गाणीं उतरविणें याला ‘बर्न’ म्हणूं लागले. अंतराळयानाचें एंजिन ठराविक वेळ चालविणें हाही ‘बर्न’च, १ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ पृथ्वीची कक्षा सोडून चंद्राकडे वळलें, तें अशाच एका ज्वलनाच्या जोरावर. कामाच्या सततच्या ताणानें माणूस आंतून रिता होतो, त्या अवस्थेला ‘बर्नआउट’ हें नांव हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या १९७४ सालच्या लेखापासून रूढ झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिची नोंद रोग म्हणून न करतां व्यवसायाशीं निगडित स्थिति म्हणून केली.

आतां वाचक म्हणतील, इतक्या उठाठेवीचा घरसंसारांत उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो जिवाशीं निगडित आहे. वैद्यकांत ‘बर्न’ या एकाच सदराखालीं ज्वाला, उकळतें पाणी, वाफ, आम्ल व वीज या सर्वांच्या इजा येतात. उकळत्या द्रवानें पोळण्याला इंग्रजींत ‘स्काल्ड’ हा निराळा शब्द असूनही बोलतांना तो पुष्कळदां गळतो. अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतील मुलें ‘पोळी बर्न झाली’ आणि ‘हात बर्न झाला’ असें एकाच दमांत सांगूं लागलीं आहेत. करपणें, पोळणें, भाजणें व चटका यांतील भेद त्यांच्या जिभेवरून गेला, कीं तो नजरेंतूनही जाण्यास वेळ लागत नाहीं. डॉक्टरांना ‘मूल बर्न झालें’ एवढेंच कळविलें तर त्यांस सारें खोदून विचारावें लागतें. ‘उकळतें दूध सांडून छाती पोळली’ असें सांगितलें तर कारण व जागा दोन्ही एका वाक्यांत कळतात.

शब्दाबरोबर उपायही ध्यानांत असावा. भाजलेल्या किंवा पोळलेल्या जागेवर सुमारें वीस मिनिटें नळाचें गार वाहतें पाणी सोडावें. बर्फ, तूप, शाई किंवा दांत घासण्याचें मलम लावूं नये व फोड फोडूं नयेत. कातडी पांढरी अथवा काळी पडून तेथें वेदनाच होत नसतील, तर तें सुचिन्ह समजूं नये. दाह खोल जाऊन संवेदनेचे तंतूच नष्ट झाल्याचें तें लक्षण असूं शकतें. अशा वेळीं विलंब न करतां रुग्णालय गांठावें.

इंग्रजी ‘बर्न’ मुलांना अवश्य शिकवावा, त्याच्या सर्व अर्थछटांसह शिकवावा. मात्र स्वयंपाकघरांत काय करपलें, कोण पोळलें आणि कोणाला नुसता चटका बसला, हें त्यांना मराठींतही सांगतां आलें पाहिजे.