डोंगल रुसलं तर?

मैत्रिणींनो, घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायची घाई करू नका हं! १४ ऑक्टोबर २०२५ ला 'विंडोज १०'ची नेहमीची मोफत देखभाल संपली आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर नवं विंडोज बसत नाही. अशा यंत्रांना लिनक्स कामी येतं. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ते सुरू केलं. उबुंटू, मिंट ही त्याचीच रूपं, आणि तीही फुकट.

अडतं ते वायफायपाशी. जुन्या डेस्कटॉपला बहुधा वायफाय नसतं, म्हणून यूएसबीचं छोटं डोंगल लावायचं. ते चाललं नाही, तर चकलांब्याहून पुन्हा गेवराई नाहीतर बीड गाठायचं. म्हणजे भाडं गेलं, दिवसही गेला. लेकीच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

पण चाललं नाही म्हणजे डोंगल खराब, असं नसतं. कॉम्प्युटर आणि डोंगल यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो. लिनक्समध्ये असे बरेच दुभाषी आधीच असतात. एखादा नसेल, तर आणावा लागतो.

आधी डोंगलची चिप ओळखा. 'टर्मिनल' उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत सलग लिहा आणि एंटर दाबा. यादीत रिअलटेक किंवा मीडियाटेक असं नाव आणि शेजारी आकडे-अक्षरांचा क्रमांक दिसेल. खोक्यावरची कंपनी वेगळी असली, तरी ड्रायव्हर चिपप्रमाणेच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइल आहे ना! चार्जिंगची डेटावाली केबल कॉम्प्युटरला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मग सगळं सॉफ्टवेअर अपडेट करून यंत्र बंद-चालू करा. कित्येकदा एवढ्यानंच काम होतं. नाही झालं, तर उबुंटूत 'अतिरिक्त ड्रायव्हर' किंवा मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' बघा.

काही डोंगल सुरुवातीला सीडी असल्याचं सोंग घेतात! पडद्यावर तशी सीडी दिसली, तर ती 'इजेक्ट' करून पाहा. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना कधी कधी काहीच उमटत नाही, त्याला घाबरू नका. मात्र न समजलेली आज्ञा पासवर्ड देऊन चालवू नका.

नवं डोंगल घेताना दुकानदाराला आधीच विचारा, "लिनक्सवर चालतं का? नाही चाललं तर परत घ्याल?" आणि चाललेल्या चिपचं नाव वहीत लिहून ठेवा. उद्या शेजारणीचाही हेलपाटा वाचेल.