एकाच पोकळीतले दोन खडे

खडक
चांदवडच्या माथ्यावरचे सातमाळ्याचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. थंड होताना लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. गारगोटी, कॅल्साइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट ही नाशिक जिल्ह्यातली ओळखीची मंडळी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे देखणे नमुने आहेत.

रंग बदलतो कधी?
अशा स्फटिकावर साधा प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्याच तालावर हलतात; लाल आत, लालच बाहेर. लेझरचा झोत तीव्र असेल तर ताल बिघडतो आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाशही निघतो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत गारगोटीतून सोडला. ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळाला, पण इतका क्षीण की शोधनिबंध छापताना छायाचित्रातला तो ठिपका डाग समजून पुसला गेला!

कॅल्साइट कुठे अडतो
मधल्या बिंदूतून उलटवली तरी अणूंची मांडणी तशीच राहत असेल, तर खड्याच्या आत हा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश तयार होत नाही. कॅल्साइट आणि अपोफिलाइट असे सममित आहेत. गारगोटी आणि स्कोलेसाइट नाहीत. म्हणजे एकाच पोकळीत शेजारी वाढलेल्या दोन खड्यांपैकी एकालाच ही किमया जमेल, असे होऊ शकते.

कॅल्साइटकडे दुसरे भांडवल आहे. त्याच्याखालचे अक्षर दुहेरी दिसते, कारण प्रकाशाचे दोन किरण त्यातून वेगवेगळ्या गतीने जातात. हे दुहेरी अपवर्तन वारंवारता दुप्पट करताना फार कामाचे. मूळ आणि नव्या प्रकाशाची गती जुळली नाही, तर लाटा एकमेकींना खोडतात. दुहेरी अपवर्तनाने ती जुळवता येते. गारगोटीत ते तुटपुंजे, म्हणून फ्रँकेनचा ठिपका क्षीण. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्फटिकात असममित मांडणी आणि पुरेसे दुहेरी अपवर्तन हे दोन्ही गुण आहेत. बहुतेक हिरव्या लेझर पॉइंटरमध्येही असाच कृत्रिम स्फटिक असतो. तो १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य अवरक्त प्रकाशाचे ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्यात रूपांतर करतो.

उलटा व्यवहार
अशाच स्फटिकात क्वचित एका फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणाचे, दोन होतात. दोघांची ऊर्जा मिळून मूळ फोटॉनइतकी. हे दोघे एकाच क्षणी जन्मतात, असे बर्नहॅम आणि वाइनबर्ग यांनी १९७० मध्ये दाखवले. लाटांचे जुने गणित इथे अपुरे पडते, पुंजयांत्रिकी लागतेच. जोडीतला एक टिपला की दुसरा वाटेत आहे हे कळते, आणि गुप्त संदेशांच्या क्वांटम प्रयोगांत एकेकटा फोटॉन मिळवण्याची ही नेहमीची रीत आहे.